सोमा, उरलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या

सोमा, डॉक्टरांनी मला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी त्या बंद केल्या आणि उरलेल्या आठ दिवसांच्या तुला दिल्या.

तशी माझ्या चुकांची मला कधी लाज वाटली नाही. टपरीवर चहा पिताना त्या मीच लोकांना सांगत आलो, वर थोडा मसालाही घातला. ही एक मात्र चूक म्हणून दहा वर्षं तोंडातून बाहेर आली नाही. तुझ्यासमोरही नाही. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी आता बोलायला बसलोय. वेळेवर काही करायचं नाही हा माझा स्वभाव तुला नवा नाही.

बाहेर कुणाला सांगताना मी तुला ‘आमचा ड्रायव्हर’ म्हणायचो आणि तू मला ‘आमचे साहेब’. साहेब म्हणावं इतका मी कधीच मोठा नव्हतो. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत साधा सहायक. पेठ, हरसूल, इगतपुरीकडच्या विहिरी आणि हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि त्याच दिवशी नाशिकला आणून द्यायचं, हे माझं काम. जीप तू चालवायचास हे खरं, पण ते काम मला शिकवलं कुणी?

पहिल्याच फेरीची गोष्ट. करंजाळीजवळच्या एका विहिरीवर मी बाटलीचा कागद सोडला, बूच काढलं आणि भरायच्या आधी बाटलीचं तोंड खिशातल्या रुमालानं छान पुसून घेतलं. त्याच रुमालानं सावळ घाटात मान पुसली होती. तू बोनेटला टेकून बिडी ओढत होतास.

“साहेब, ती बाटली भट्टीत तापवून कागदात बांधून कशाला देत असतील?”

“जंतू नसावेत म्हणून.”

“मंग आता रिपोर्ट विहिरीचा येईल का तुमच्या रुमालाचा?”

मी तुला गप्प केलं. मी शिकलेला, तू सातवी. रिपोर्ट आला. त्या चांगल्या विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य, अतिदूषित. गावात औषध टाकायला माणसं धावली आणि पुढे आठ दिवस लोकांनी ब्लीचिंग पावडरच्या वासाचा चहा प्यायला. तू ऑफिसात कुणाला काही बोलला नाहीस. फक्त पुढच्या फेरीला निघताना हात पुढे केलास आणि म्हणालास, “रुमाल.” मी मुकाट्याने काढून दिला. तेव्हापासून कामाच्या दिवशी माझा रुमाल तुझ्या खिशात असायचा.

मला गाडी शिकवायलाही तूच निघालास. “साहेब, डोंगरातलं काम हाय. एकाला काय झालं तर दुसऱ्याला आली पायजे.” तीन दिवस शिकलो. तिसऱ्या दिवशी जीप रस्ता सोडून लावणी झालेल्या भाताच्या खाचरात उभी राहिली. शेतकरी काठी घेऊन आला. तू त्याच्याशी तुमच्या बोलीत काय बोललास कोण जाणे, तो हसत हसत जीप ढकलायला लागला. नंतर विचारलं तर म्हणालास, “सांगितलं, साहेबांच्या डोक्यात जरा कमी हाय.” मी रागावलो आणि शिकणं सोडून दिलं. या रागाची गोष्ट पुढे येणारच आहे.

सत्त्याण्णव साली माझं पोट दुखायला लागलं. छातीच्या खाली आग, उपाशीपोटी जास्त. मी मिसळीला दोष दिला, तिखट सोडलं, दूध प्यायलो. फरक नाही. शेवटी कॉलेज रोडवरच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, तोंडातून दुर्बीण घालून बघू, सकाळी काही न खाता या. मी काहीही खाल्लं नाही. चहा प्यायलो. चहा म्हणजे खाणं नव्हे, असं आमच्या घरात समजतात. डॉक्टरांनी आत बघितलं आणि म्हणाले, “मला तुमचं जठर बघायचंय, आणि तिथे चहाचा तलाव आहे. उद्या या.” दुसऱ्या दिवशी पुन्हा ती नळी गिळली. तुला हे सांगितलं तेव्हा तू स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसलास आणि मागून एसटीवाला हॉर्न वाजवत राहिला.

जखम निघाली आणि जखमेच्या मुळाशी जंतू निघाला. जठरातल्या आम्लात बिनदिक्कत राहणारा. मी डॉक्टरांना जरा ताठ मानेनं सांगितलं की मी पाणी तपासणाऱ्यांतला आहे, माझ्या पोटात जंतू कसा असेल?

“तुम्ही तपासता ते पाणी गावाचं,” ते म्हणाले. “तुम्ही स्वतः कुठलं पिता?”

मला आपली थांबायची जागा आठवली. घाटाच्या अलीकडे उजव्या हाताला तुझा झिरा, डोंगरातून पाझरलेल्या पाण्याचा खळगा. तू उतरायचास, वरची पानं बाजूला सारायचास, थोडं थांबायचास, गाळ खाली बसला की ओंजळीनं प्यायचास. तुझ्यामागून मीही. बाटली मात्र त्यातली तोवर कधी भरली नव्हती, कारण झिरा यादीत नव्हता.

डॉक्टर चांगला माणूस. त्यांनी मला बसवून समजावलं. हा जंतू काही दुर्मीळ नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त माणसांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर काही करत नाही. त्यांना पत्ताही नसतो. तो बहुधा लहानपणीच शिरतो. थोड्या जागेत पुष्कळ माणसं, एका ताटात जेवण, एका भांड्यानं पाणी, संडास लांब, हात धुवायला साबण नाही, पाण्याचा भरवसा नाही, अशा घरातल्या पोरांना तो लवकर गाठतो. घरात एकाला असला की दुसऱ्याला असण्याचा संभव वाढतो. हातानं, थुंकीनं, पाण्यानं, कशानं किती जातो हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. तिखटानं आग वाढते, पण तिखट खाल्लं म्हणून जंतू येत नाही. म्हणजे मिसळ निर्दोष सुटली. दोन महिने मी तिला उगाच वाळीत टाकलं होतं.

हे सगळं ऐकताना, सोमा, माझ्या डोळ्यांपुढे तुझा पाडा आला. तुझ्या घरात दोन माणसं जेमतेम झोपतील एवढ्या जागेत सहा जण. तुझी पोरं तान्ही असताना तुझी आई नागलीची भाकरी आधी स्वतः चावून मऊ करायची आणि तो घास नातवाच्या तोंडात घालायची. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला: जंतू सोमाकडचा. जुन्या नाशकातल्या आमच्या दोन खोल्या मला आठवल्याच नाहीत. तिथे आम्ही नऊ जण होतो, माठावर एकच पितळी पेला होता, तोंड लावून प्यायचा आणि तसाच पालथा घालायचा. ते आठवायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसल्या बसल्या मी तुला निकाल ऐकवला.

“माझ्याकडचा?” तू ब्रेकच दाबलास. “साहेब, आमचं पाणी डोंगरातून येतं. तुमच्या ऑफिसातल्या माठात बारा जण हात घालून गलास बुडवतात. चपराशी पान खातो, त्याचा पण हात. जंतू तुमच्या माठातला. मलाच तुम्ही दिला असंल.”

“तुला कुठे काय झालंय?”

“मला पण दुखतं. मी दुर्बीण गिळत नाय म्हणून कळत नाय.”

आपलं हे भांडण दहा वर्षं चाललं. जंतू माझा का तुझा. ते मिटवायला मी एकदा गुपचूप शास्त्राचा आधारही घेतला. निर्जंतुक बाटल्या दोन, एक झिऱ्यावर भरली, एक ऑफिसातल्या माठातून. रुमाल न लावता. नंबर खोटे टाकले आणि तपासणीला लावल्या. दोन दिवसांनी पाहिलं तर झिऱ्याच्या काही नळ्यांत वायूचे बुडबुडे धरले होते, म्हणजे पाणी वाईटच; आणि माठाच्या तर एकूण एक नळ्या फसफसल्या होत्या. आख्ख्या जिल्ह्याला पाणी उकळून प्या सांगणारं ऑफिस शेणाच्या जंतूंचं पाणी पीत होतं. तरीही तुझा विजय झाला असं म्हणता येत नव्हतं, कारण आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंनी मला पकडलं.

“या चाचणीत तो पोटातला जंतू दिसतच नाही,” त्या म्हणाल्या. “हे माहीत नसताना तुम्ही दहा वर्षं इथे काय करताय?”

माठ गेला, झाकणाची टाकी आली, तिला तोटी बसली. आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. तू मरेपर्यंत मी त्यावर तुला उत्तर देऊ शकलो नाही आणि आता तुझी बाजू मांडायलाही कुणी नाही. एकट्यानं भांडण्यात गंमत नाही रे.

गोळ्यांकडे येतो. पुठ्ठ्याची छोटी पाकिटं होती, एका दिवसाचं एक. सकाळच्या गोळ्या एका बाजूला, संध्याकाळच्या दुसऱ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, चौदाच्या चौदा संपवायची, बरं वाटलं तरी. तिसऱ्या दिवशी तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव आली. पाणी लोखंडाचं, वरण लोखंडाचं. पाचव्या दिवशी आग थांबली. सहाव्या दिवशी मेव्हण्याच्या मुलाचं लग्न होतं आणि जिलबीची चव लोखंडाची लागली, तेव्हा मी ठरवलं की बस्स. आजार गेला, औषध कशाला?

त्याच आठवड्यात घाटातल्या वळणावर तू एका हातानं स्टेअरिंग धरलंस आणि दुसरा हात बरगडीखाली दाबलास. चेहरा राखेसारखा. मी उदार झालो. दुसऱ्या दिवशी ती आठ पाकिटं कागदात गुंडाळून तुझ्या हातात दिली.

“घे. तीन दिवसांत आराम. तोंड लोखंडासारखं होतं, तेवढं सोसायचं.”

“डॉक्टरला न दाखवता?”

“मी दाखवलंय ना. जंतू एकच आहे, मग औषध पण एकच.”

मला तो तर्क फार आवडला होता. ऑफिसात एकाला सांगितलाही: चौदा दिवसांचा कोर्स पुरा झाला, फक्त दोन पोटांत मिळून. तो हसला. त्यानंतर आठ दिवस मी रोज तुला विचारायचो, घेतल्या का, दुखतं का? तू म्हणायचास, “थांबलं, साहेब.” मी स्वतःवर खूश. अर्धा डॉक्टर झालोच होतो.

माझी आग तीन महिन्यांत परत आली. ती मी लपवली. काय तोंडानं डॉक्टरांकडे जाणार? तुझी कधी गेलीच नव्हती, पण तू ‘थांबलं’ म्हणाला होतास आणि मी ते ऐकून कान बंद केले. डॅशबोर्डच्या कप्प्यात तुझ्या कंबरदुखीच्या गोळ्यांची पट्टी असायची. खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवसभर जीप चालवायची तर कंबर जाणारच. सकाळी एक, दुपारी एक, चहाबरोबर, रिकाम्या पोटी, वर बिडी. ती पट्टी दोन वर्षं माझ्या गुडघ्यापुढे होती. मीच कप्पा उघडून तुला काढून द्यायचो.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात तू म्हणालास, “साहेब, चार दिवस झाले, परसाकडं डांबरासारखं होतंय.” मी म्हणालो, “रस्त्याचं काम चाललंय, धूळ गिळतोयस.” तू हसलास. अर्ध्या तासानं करंजाळीच्या पुढे तू जीप कडेला घेतलीस, दार उघडलंस आणि रक्ताची उलटी केलीस. किल्ली गाडीला, गाडी चालू, टाकीत डिझेल, नाशिक सव्वा तासावर. आणि शेजारी मी, ज्याला गाडी येत नव्हती.

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. जणू माझीच काळजी वाटतेय, तसं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही. बरीच वाहनं उलट्या बाजूला गेली. शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला. आपण दोघे कारल्यांच्या पोत्यांवर बसून नाशिकला आलो आणि तू कसाबसा म्हणालास, “बर्फाची पेटी जीपमधेच राहिली. नमुने वाया जातील.”

सरकारी दवाखान्यात रक्त चढलं, तू वाचलास. दुर्बिणीत जखम दिसली, जंतूही सापडला. तिथल्या तरुण डॉक्टरनं कंबरेच्या गोळ्यांचं विचारलं. “त्या तर रोज,” तू म्हणालास. तो म्हणाला, जंतू आत आधीपासून होता, या गोळ्यांनी आणि बिडीनं त्याला दार उघडून दिलं. मग त्यानं विचारलं, “या जंतूचं औषध आधी कधी घेतलंय? नीट आठवून सांगा. अर्धवट घेतलं असेल तर मला दुसरं औषध द्यावं लागेल.”

मी पलंगाच्या बाजूला उभा होतो. सलाइनच्या नळीतले थेंब बघत होतो.

“नाय,” तू म्हणालास. “कधीच नाय घेतलं.”

त्या एका ‘नाय’चं ओझं मी आठ वर्षं वागवलं. तू मला वाचवलंस असं मी धरून चाललो. सगळ्या वॉर्डासमोर मी मूर्ख ठरू नये म्हणून तू खोटं बोललास आणि मी तुला खोटं बोलू दिलं. त्या घडीला तोंड उघडणं एवढंच काम होतं. तेही झालं नाही.

घरी गेल्यावर मंजुळावहिनींनी तुझं औषध हातात घेतलं. चौदा चिंचोके एका वाटीत ठेवले, रोज एक दुसऱ्या वाटीत. तू कुरकुरलास की त्या वाटी पुढे करायच्या. तुझी जखम भरली. माझीही भरली, तुला तसं पाहिल्यावर मी डॉक्टरांकडे जाऊन सहा दिवसांचं खरं सांगितलं. तुझं सांगितलं नाही. त्यांनी मला दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि माझी बायको रोज समोर बसून मला तोंड उघडून दाखवायला लावायची. “जीभ वर कर,” म्हणायची. पन्नाशीजवळ आलेल्या माणसाला!

त्यानंतरची सात वर्षं चांगली गेली ना? मला ती चांगली आठवतात. तू बिडी कमी केलीस. झिऱ्यावर थांबणं सुटलं नाही, पण कॅनमधलं पाणी प्यायचो आणि झिऱ्यात नुसते पाय बुडवायचो. तू मुलीला नाशिकला शिकायला ठेवलंस, मुलानं शेती धरली. मग गेल्या पावसाळ्यात तुझं जेवण तुटलं. दोन घासांत पोट भरायचं. पट्ट्याला तू नवीन भोक पाडलंस, मग अजून एक. या वेळी मी धूळबिळ काही म्हणालो नाही, त्याच दिवशी तुला कॉलेज रोडला नेलं. जठराचा कर्करोग होता आणि तो पुढे गेलेला होता.

शेवटच्या महिन्यात मी दर रविवारी पाड्यावर यायचो. तू अंगणात खाटेवर, मी बाजूला पाटावर. एकदा तू डोळे मिटूनच म्हणालास, “साहेब, जंतू तुमचाच.” मी म्हणालो, “झिऱ्याचा.” तू म्हणालास, “माठाचा.” वहिनी ओट्यावरून ओरडल्या, “आता तरी गप बसा दोघं.” त्या दिवशी गोळ्यांचं बोलायचं असं मी ठरवून आलो होतो. एसटीत वाक्य जुळवलं होतं. तुला इतकं छान हसू आलं की ते वाक्य मी तसंच परत घेऊन गेलो.

तू गेल्यावर मात्र गप्प बसवेना. गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आठ पाकिटं, तुझा ‘नाय’, माझं मौन. विचारलं, “डॉक्टर, तो माझ्यामुळे गेला का?”

त्यांनी चष्मा काढला. “अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होतो. ते चुकलंच. लक्षणं दबली म्हणून तपासणी लांबली असेल, तर तेही चुकलं. पण हा रोग दोन-चार वर्षांत होत नाही. जंतू त्यांच्या पोटात रांगत्या वयापासून असणार. तीस-चाळीस वर्षं जठराचं अस्तर झिजत आलं, आणि पुढे जंतू गेला तरी ती झीज भरून येत नाही. हा जंतू असलेल्या पुष्कळांपैकी अगदी थोड्यांना असं होतं. त्यांनाच का, हे मला सांगता येणार नाही. तुमच्यामुळे असंही नाही आणि नाही असंही नाही.” मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, “तुम्हाला काही करायचंच असेल तर त्यांच्या मुलांना घेऊन या. वडिलांना हा रोग झाला की मुलांची जंतूची तपासणी करून घ्यावी. असला तर पुरं औषध. पुरं.”

तो दुसरा ‘पुरं’ माझ्याकडे बघून होता.

परवा पाड्यावर गेलो. एसटीनं, मग चालत. मंजुळावहिनी अंगणात सुपानं नागली पाखडत होत्या. पाण्याचा तांब्या दिला. मी तांब्यात बघितलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, “बघता काय? उकळलेलं हाय.” मी प्यायलो. आधी मुलांच्या तपासणीचं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, नळी गिळावी लागेल का आणि किती दिवसांचं औषध, आणि म्हणाल्या, “नेते मी दोघांना. सोमवारी.” मग मी पाटावर नीट बसलो आणि दहा वर्षांचं ते सांगून टाकलं. सांगताना माझा आवाज चिरकला, हेही सांगायला हवं, कारण तू असतास तर नक्कल केली असतीस.

त्या सूप हलवत राहिल्या. “कोणत्या गोळ्या?”

“पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या. सकाळच्या एका बाजूला, संध्याकाळच्या…”

“त्या व्हय!” त्यांनी सूप खाली ठेवलं. “त्या त्यांनी नाय घेतल्या.”

“एकही?”

“एक पण नाय. तुम्हीच सांगितलं ना, तोंड लोखंडागत होतं म्हणून. घरी आले, म्हणाले, मी नाय खात असलं. दोन दिवसांच्या सासूबाईंनी खाल्ल्या. त्यांचा भाऊ आला, त्याचा गुडघा दुखत होता, त्याला तीन पाकिटं दिली. शेजारणीनं दोन नेली. एक म्हशीला घातलं, ती चारा खात नव्हती.”

“पण तो मला रोज म्हणायचा, थांबलं.”

“तुम्ही रोज विचारायचे. थांबलं म्हटलं का तुम्ही गप बसायचे.”

सोमा, म्हणजे दवाखान्यात तू खरं बोललास. मी आठ वर्षं ज्या खोट्याचे उपकार मानत होतो, ते खोटं नव्हतंच. त्या ‘नाय’मध्ये मी कुठेही नव्हतो. डॉक्टरनं विचारलं, तू आठवलंस, सांगितलंस, झालं. ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही थोडं. पण लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. दोन वर्षं मी तुझ्या शेजारच्या सीटवर होतो. तुझा हात बरगडीखाली जायचा, तुझा घास अर्ध्यावर थांबायचा, आणि मी विचारून मोकळा व्हायचो. प्रश्न विचारला की आपलं काम झालं असं मला वाटायचं. तू ते ओळखलंस आणि मला पाहिजे ते उत्तर देत राहिलास. माझा रुमाल जसा सांभाळलास, तसंच माझं समाधानही सांभाळलंस. त्याबद्दल तुझे आभार मानू का तुझ्यावर रागावू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हैस वाचली का, हे विचारायचंही राहिलं. त्याऐवजी मी वहिनींना तेच विचारलं जे डॉक्टरांना विचारलं होतं. “मग वहिनी, तो माझ्यामुळे गेला असं तुम्हाला नाही वाटत?”

त्यांनी सूप उचललं, फुंकर मारून भुसा उडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊ, माणूस मारायचा म्हटलं तरी हातातलं काम पुरं करावं लागतं. तुम्ही कोणतं केलंय?”